तळ्यापलीकडचा पडदा

मामींना तळ्याकाठची सगळी घरं खिडक्यांवरून ओळखू यायची. मालकांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत. पण कोणाच्या पडद्याला अस्तर आहे, कोणी अस्तराला नाक मुरडलं आणि मग दोन उन्हाळ्यांत कापडाचा रंग पार उडवून घेतला, कोणाच्या दिवाणखान्याची खिडकी डावीकडे बोटभर उतरती आहे, हे त्या झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या. वसाहतीतले निम्म्याहून जास्त पडदे त्यांनीच शिवले होते.

जवळच्या गावात, बाजारातल्या बेकरीच्या मागे त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे. दिवसभर पाव भाजल्याचा वास यायचा. तो कापडात मुरायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमचे पडदे लावले की घरात सारखी भूक लागते."

तळ्यावर खाजगी वसाहत उभी राहायला लागली तेव्हा माप घ्यायला मामी गळ्यात टेप अडकवून जायच्या. गेटपर्यंत बस, तिथून पायी. घरं रिकामी असायची. ओल्या रंगाचा वास, फरशीवर सिमेंटचे शिंतोडे, आणि प्रत्येक खिडकीत तेच तळं. पण तेच म्हणून तेच नव्हे. कुठे नुसती निळी पट्टी, कुठे पाणी अगदी उंबऱ्याशी येऊन बसल्यासारखं. माप घेऊन झालं तरी मामी तिथेच उभ्या राहायच्या. पाण्यावरचा उजेड वर छतावर हलत असायचा. त्यांना वाटायचं, आपण पाण्याखाली उभ्या आहोत, आणि आपल्याला श्वास घेता येतोय.

"एवढा वेळ काय मोजत होतीस?" घरी गेल्यावर मामा विचारायचे.

"खिडकी."

"तेवढ्यात मी अख्खी शाळा मोजून आलो असतो." मामा गावातल्या शाळेत कारकून होते.

पुढे सांडव्याजवळचं एक लहानसं घर कोणाला नको झालं. भिंती ओल धरतात, चिलटं फार, असं लोक म्हणत. मामींनी ते घेतलं. मशीनवर मान मोडून काढलेल्या वर्षांचं ते घर. मामा कुरकुरत आले. त्यांना पाण्याची भीती होती. तळ्याकडच्या पायऱ्यांवर ते कधी बसले नाहीत. घरामागे टोमॅटोची रोपं लावली, तिथेच वर्तमानपत्र घेऊन बसायचे. काही वर्षांनी एका दुपारी, त्या रोपांशेजारीच, डुलकी लागावी तसे ते गेले.

मामा गेल्यावर त्यांची थोरली बहीण राहायला आली. त्या वन्सं. त्यांचा नवरा आधीच गेलेला, एकुलता एक मुलगा मोठ्या शहरात. वसाहतीतली माणसं त्या मुलाचं ऐकून मामींना मामी म्हणायला लागली आणि मामींचं ऐकून वन्संना वन्सं. सोबत म्हणून आलेल्या वन्सं महिनाभरात स्वयंपाकघराच्या मालकीण झाल्या. डबे दुसऱ्या फळीवर गेले. गॅसची आच कोणी किती ठेवायची यावरून दोघींचा रोज खटका उडायला लागला.

"वहिनी, एका घरात राहिलो तर आपल्यापैकी एक तुरुंगात जाईल आणि दुसरी वर," एक दिवस वन्सं म्हणाल्या, आणि समोरच्या काठावर विकायला निघालेलं घर बघून आल्या.

"मध्ये अख्खं तळं असलं की नणंद-भावजयीचं छान जमतं," मामी नंतर सगळ्यांना सांगायच्या.

आणि जमलंही. वन्संच्या तळ्याकडच्या मोठ्या खिडकीला मामींनी पिवळाधमक, दुहेरी अस्तराचा पडदा शिवून दिला. रोज सकाळी मामी चहाचा पेला घेऊन आपल्या पायरीवर बसायच्या आणि पलीकडे तो पडदा उघडायचा. उजवा भाग एका हिसक्यात. डावा मात्र निम्म्यावर अडायचा, कारण वन्संचा डावा खांदा दुखरा. मग थोडी विश्रांती. मग उरलेला. पहिल्याच हिवाळ्यात एकदा पडदा उघडलाच नाही, तेव्हा मामी वाट तुडवत गेल्या तर वन्सं तापाने फणफणलेल्या. बऱ्या झाल्यावर वन्संनी नियम घालून दिला.

"पडदा उघडला नाही तर ये. उघडला असेल तर उगाच येऊन बसू नकोस. मला कामं असतात."

शनिवार-रविवार सोडले तर तळ्यावर माणूस दिसत नसे. बाकीची घरं शहरातल्या लोकांची. शुक्रवारी रात्री गाड्या यायच्या, रविवारी संध्याकाळी जायच्या. मधल्या दिवसांत क्लबसमोरचं कारंजं ठरल्या वेळी सुरू व्हायचं, कोणी बघायला नसलं तरी मन लावून उडायचं आणि थांबायचं. पाणकोंबड्या काठाकाठाने फिरायच्या. सोमवार कुठला आणि गुरुवार कुठला, कळायचं नाही. दिवस एकमेकांत विरघळायचे. त्या सगळ्यात तो एक पिवळा पडदा तेवढा जागा होता. पलीकडे कोणीतरी आहे, आणि ते आपलं आहे.

भांडण झालं ते क्लबमधल्या चहाला. नव्याने आलेल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, तुम्ही दोघी इथे कशा आलात? मामी तोंड उघडणार, तोच वन्सं म्हणाल्या, "अहो, आमच्या भाऊचं स्वप्न होतं ते. तळ्याकाठी घर हवं म्हणून झुरायचा. हिला घेऊन दिलं आणि बिचारा गेला."

मामींनी कप बशीत ठेवला. बाहेर वाटेवर आल्यावर शब्दाने शब्द वाढत गेला.

"कोणी घेऊन दिलं? माझ्या मानेच्या मणक्यांना विचारा कोणाचं स्वप्न होतं ते!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. ज्या माणसाने कधी पाण्यात पाय बुडवला नाही, तो झुरत होता होय?"

"किती मी-मी करशील गं? गेलेल्या माणसाशी कसली स्पर्धा करतेस?"

हे मामींना फार लागलं. वन्संच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. ती त्यांनी जुडग्यातून ओढून काढली आणि वन्संच्या हातावर ठेवली. वन्संनी मूठ मिटली आणि तोंड फिरवलं. तिथपासून अबोला.

त्यानंतरच्या शनिवारी वन्संच्या दारात त्यांच्या मुलाची गाडी दिसली, आणि एक टेम्पो. नवा टीव्ही आला असेल, मामींनी मनात म्हटलं, आम्हाला काय! त्यानंतर थोड्याच दिवसांत पडद्याची तऱ्हा बदलली. आता तो हिसक्याने उघडत नसे. दोन्ही भाग एकदम, सावकाश, मधे कुठे न अडता, सारखे सारखे बाजूला होत.

"बघा, बघा," मामी पायरीवरून स्वतःशीच म्हणाल्या. "कशी तोऱ्यात उघडतेय. मला दाखवते, खांदा बिंदा काही दुखत नाही म्हणून."

चहा आता मागच्या अंगणात प्यायचा असं त्यांनी ठरवलं, आणि रोज पेला घेऊन पुढेच आल्या.

धुक्याचे दिवस सुरू झाले. सकाळी तळं नसायचंच. नुसता पांढरा कापूस. मग त्यात हळूहळू एक पिवळा ठिपका उमटायचा, दोन व्हायचे, एकमेकांपासून लांब जायचे. एखादं मोठं जनावर झोपेतून डोळा उघडतंय तसं. संध्याकाळी तो डोळा तितक्याच शांतपणे मिटायचा. मामींना त्याची सवय लागली, रागासकट. "उघडा, उघडा. मी काही येत नाही," त्या पुटपुटायच्या. कधी रात्री स्वप्नात तोच पडदा दिसायचा, पण मागे घर नसायचं, पाण्यावर नुसता पडदा उभा असायचा, आणि मामी त्याला दुमड घालायला दोरा शोधत असायच्या.

एका रात्री जोराचा वारा सुटला. सकाळी वीज नव्हती. वसाहतीतला जनरेटर फक्त गेटला आणि पाण्याच्या पंपाला, घरं तशीच. मामींनी गॅसवर चहा केला आणि पुढे येऊन बसल्या. धुकं विरळ झालं. पडदा बंद.

वन्संना उठायला उशीर झाला असेल. मामींनी दुसरा चहा केला. तोही संपला. पडदा बंद.

"नाटकं," त्या म्हणाल्या. पण पेला हातातच राहिला. त्या एका तापाखेरीज वन्संनी उशिरापर्यंत कधी अंथरूण धरलं नव्हतं. आपलं भांडण आहे, हे खरं. पण तो नियम भांडणाच्या आधीचा आहे. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

तळ्याला वळसा घालून जाणारी वाट धुक्यात दोन पावलांपुढे दिसत नव्हती. एकेक घर पुढे येई आणि मागे जाई. जाड निळे पडदे, चौकटीचे पडदे, ज्यांच्यासाठी मालकिणीने तीनदा कापड बदललं होतं ते फुलांचे पडदे. सगळे ओढलेले. आपणच शिवलेल्या कापडाच्या रांगेतून आपण चाललोय आणि त्याच्यामागे कुठेच कोणी नाही, असं मामींना वाटलं, आणि त्या भराभर चालायला लागल्या.

घंटी वाजेना. दार ठोठावलं. "वन्सं!" मग घराला वळसा घालून त्या पाण्याकडच्या ओट्यावर गेल्या. मोठ्या खिडकीला डोकं टेकवून आत बघायचा प्रयत्न केला, पण काचेवर आतून पडद्याचं अस्तर आलेलं. त्यांचेच टाके.

"वन्सं, मी आहे. दार उघडा." त्यांनी काचेवर बोटं वाजवली. "बरं, मी हरले. झालं समाधान? उघडा आता."

आणि पडदा हलला.

दोन्ही भाग मधोमध फाकले आणि सावकाश बाजूला व्हायला लागले. मामींचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्यांना हसू फुटलं. "आहात तर! किती छळाल एखाद्याला?" पडदा सरकत सरकत दोन्ही टोकांना गेला आणि थांबला. मागे कोणी नव्हतं.

पलंगावरची चादर काढलेली होती, गादी उघडी. फ्रिजचं दार उघडं ठेवून त्यात खुर्ची अडकवलेली, घर बंद करून जाताना ठेवतात तसं. भिंतीजवळ एकच चप्पल. पडद्याच्या दांडीच्या टोकाला एक लहानसं पांढरं यंत्र होतं आणि त्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. वीज आली होती.

थोडा वेळ मामींना फोन स्वेटरच्या खिशात आहे हेच आठवेना. मग त्यांनी भाच्याला लावला.

"मामी? अहो, आत्ता तुमच्या तिकडे वीज आली ना? मी इथूनच पडद्याचं बटण दाबलं. उघडला ना?"

"तुझी आई कुठे आहे?"

"म्हणजे? आईने तुम्हाला कळवलं नाही?"

भांडणानंतर थोड्याच दिवसांत वन्सं मोरीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी कशीबशी फोनपर्यंत मजल मारली, आणि मुलगा पहाटेच येऊन मागच्या गेटने त्यांना घेऊन गेला. शस्त्रक्रिया झाली. आता त्या त्याच्याकडे होत्या.

"मी विचारलं होतं, मामींना सांगू का? तर म्हणाली, काही गरज नाही, तिला कळेल. यायचं असेल तर येईल."

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून मामी भाच्याच्या फ्लॅटवर पोचल्या. वन्सं आतल्या खोलीत होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाइप दिसत होते. वन्संनी डोळे मिटून घेतले.

"झोपलात?" मामींनी विचारलं.

"हो."

मामी स्टूल ओढून बसल्या. वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या, "सापडला म्हणायचा रस्ता."

"वन्सं, पडदा उघडत होता."

"कोणाचा?"

"तुमचा. रोज. सकाळी उघडायचा, संध्याकाळी मिटायचा."

आता वन्संनी डोळे उघडले. "मी इथे हाडं मोडून पडलेय. तिथे पडदा काय माझा आत्मा उघडत होता?"

दोघींनी दाराकडे बघितलं. भाचा हातात औषधाची पट्टी घेऊन उभा होता. "अगं, ते मोटरचं," तो म्हणाला. "तुझ्या खांद्यासाठी बसवली ना? मग मीच फोनवरून वेळ लावून ठेवली. घर बंद आहे असं दिसू नये म्हणून. चोरांना वाटावं, कोणीतरी आहे."

"चोर गेले खड्ड्यात," वन्सं म्हणाल्या. "वहिनीला फसवलंस तू माझ्या."

तो औषधाची पट्टी उशाशी ठेवून बाहेर गेला. वन्सं छताकडे बघत राहिल्या.

"रोज सकाळी जाग आली की वाटायचं, आज तिच्या लक्षात येईल. आज येईल. मग वाटायला लागलं, लक्षात आलंच असेल. बघून चहा पीत बसली असेल."

"चहाच पीत होते," मामी म्हणाल्या. "उघडा पडदा बघून. आणि तुम्हाला शिव्या देऊन."

वन्संच्या तोंडाची कड हलली. हसणं म्हणण्याइतकं नाही, पण हललं.

जेवताना भाच्याने सांगितलं. त्याच्या आवाजात कुरघोडी नव्हती, दमलेपण होतं. रविवारी काही लोक घर बघायला येणार होते. आई परत तिथे एकटी राहणं शक्य नाही. पुन्हा पडली आणि फोनपर्यंत पोचली नाही तर? मामी वन्संचं ताट घेऊन आत आल्या तर वन्सं म्हणाल्या, "ऐकलं मी. विकू दे. बघायला एक भिंत लागते माणसाला. ती इथे आहे."

समोरच्या पाइपातून कोणाच्या तरी घरचं पाणी खळखळत खाली गेलं. इतकी वर्षं पाणी बघितलेली बाई ते कान देऊन ऐकत होती. मामींच्याने ते बघवेना.

"माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे?"

"पुढची खोली मोकळी आहे. पायऱ्या फक्त तळ्याकडे, मागच्या दाराने सरळ आत येता येतं. मोरी खोलीला लागून. तिथे दांडा बसवून घेते."

"आणि स्वयंपाक?"

"मी करेन."

"म्हणजे मरणार मी."

"मग इथेच भिंत बघा."

वन्संनी बराच वेळ पांघरुणाची कड चिमटीत धरून ठेवली. "विचार करून बोल हं. मी काही बदललेली नाही. नुसतं हाड मोडलंय."

"ते दिसतंय," मामी म्हणाल्या. आणि मग, इतके दिवस गिळलेलं बाहेर आलंच. "पण एक सांगा. तुमच्या भावाला पाण्याची किती भीती होती, ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"मला नाही ठाऊक? लहानपणी हौदात पडला होता. मी केस धरून बाहेर ओढला त्याला. त्यानंतर बादलीलाही घाबरायचा."

"मग का तसं सांगितलंत सगळ्यांना?"

बाहेर भाचा भांडी विसळत होता. तो आवाज थांबला तेव्हा वन्सं हळूच म्हणाल्या, "तो काही मागून गेला नाही गं. शाळा, घर, टोमॅटो. चार लोकांत त्याच्याबद्दल सांगावं असं माझ्याकडे काही नव्हतं. तुझ्याकडे एवढं मोठं तळं होतं. वाटलं, त्यातलं थोडं त्याला दिलं तर कुठे कमी पडणार आहे."

मामींनी उठून चादरीची सुरकुती सरळ केली. ती सरळच होती. मामा गेले त्या दुपारी त्यांच्या मांडीवर काही टोमॅटो होते, ते उतारावरून तळ्याकडे घरंगळत गेले होते, आणि मामींना आधी ते टोमॅटो दिसले होते. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

"विचारून द्यायचं," त्या एवढंच म्हणाल्या.

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"मग!" वन्सं म्हणाल्या, आणि कूस बदलायला हात पुढे केला. मामींनी तो धरला.

रविवारी घर बघायला येणारे आले आणि त्यांना ते आवडलंही. वन्संनीच मुलाला सांगितलं, देऊन टाक. वॉकर टेकत टेकत त्या मामींच्या घरात आल्या, आणि पहिल्या सकाळी मामींनी त्यांना पुढच्या दारात, आरामखुर्चीत बसवलं. धुकं उतरत होतं. पाणी अजून दिसत नव्हतं, नुसता त्याचा गारवा येत होता. मग पलीकडचा काठ वर यायला लागला. आधी झाडं, मग छपरं.

"ते कोणाचं घर?" वन्संनी विचारलं.

"तुमचं."

"ते एवढंसं?" त्या खुर्चीत पुढे झुकल्या. "मी तिथे राहत होते? काड्यापेटी दिसते की."

"इथून तेवढंच दिसतं."

वन्सं बघत राहिल्या. ज्या काठावर आपण रोज उठत होतो, तिथे आता आपण नाही, आणि तरी ते घर धुक्यातून अलगद वर येतंय, हे त्यांना कुठल्या तरी दुसऱ्याच्या स्वप्नात शिरल्यासारखं वाटत असावं. एक पाणकोंबडी पाणी कापत गेली. तिच्यामागे दोन रेघा उमटल्या, रुंद होत गेल्या आणि दोन्ही काठांना जाऊन विरल्या.

आतून फोडणीचा चर्र आवाज आला, तशी त्यांनी मान वळवली.

"वहिनी, माझी खुर्ची फिरव."

"का? तळं नाही बघायचं?"

"तळं कुठे पळून जात नाही. तू भाजीत मीठ किती टाकतेस ते बघू दे मला."

मामींनी हात पुसले, बाहेर आल्या, खुर्ची वन्संसकट उचलल्यासारखी करून स्वयंपाकघराच्या दिशेला फिरवली. मग गॅसपाशी परत गेल्या, आणि वन्संच्या डोळ्यांदेखत, नेहमीच्या मापावर चिमूटभर मीठ आणखी टाकलं.